रिकामं घर दाखवताना

नाशिकच्या पाथर्डी फाट्याजवळचा, दुसऱ्या मजल्यावरचा, विकायला काढलेला हा टू बीएचके. बिऱ्हाड हलून चार महिने झाले. कुलूप उघडलं की पहिला येतो तो वास. गटाराचा. गिऱ्हाईक दारातच नाक मुरडतं. मग हॉल कितीही ऐसपैस असो, इथलं ड्रेनेज तुंबतंय हे त्याच्या मनातून जात नाही.

ड्रेनेज मात्र ठणठणीत आहे. बाथरूमच्या जाळीखालच्या नहाणी ट्रॅपमध्ये दोनेक इंच पाणी कायम साठलेलं असतं आणि पाइपातला वास तेच अडवून धरतं. घर बंद राहिलं की एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत ते उडून जातं. म्हणून आठवड्यातून एकदा प्रत्येक जाळीत अर्धी बादली पाणी ओतायचं. कमोड फ्लश करायचा, बेसिनचा नळ सोडायचा, ड्राय बाल्कनीची जाळी विसरायची नाही. विसरली जाते ती हमखास तीच. महिनाभर फिरकणं होणार नसेल तर जाळीतल्या पाण्यावर चमचाभर गोडेतेल सोडावं. तेलाचा थर पाणी लवकर उडू देत नाही.

आता सोफा, पलंग, पडदे भाड्याने आणून घर सजवायचं का? बँकेचा व्हॅल्युअर, म्हणजे कर्जाआधी घराची किंमत ठरवणारा, फर्निचर मोजत नाही. तो चटई क्षेत्र, इमारतीचं वय, आसपासचे व्यवहार बघतो. सजावटीने कर्जाचा आकडा वाढत नाही. वाढला तर होकार यायचा वेग वाढतो. त्यामुळे भाड्याचं सामान परवडतं ते घर पूर्ण रिकामं असेल आणि शेजारच्या नव्या स्कीमचा सजलेला सॅम्पल फ्लॅट बघून गिऱ्हाईक थेट तुमच्याकडे येत असेल तेव्हाच. राहत्या घरात सामान आणायचं नसतं, काढायचं असतं. माळ्यावरचे खोके आणि हॉलमधली कपड्यांची दोरी आधी.

खर्च करायचाच तर पहिला ओलीवर. बेडरूमची ही भिंत बाथरूमला लागून आहे. खाली रंगाचे पोपडे, त्यावर पांढरा खार. इथे थेट पुट्टी मारली तर काही आठवड्यांत पुन्हा फुगते, कारण पाणी मागून येतंय. बाथरूमच्या टाइल्सचे सांधे उघडे आहेत. आधी सांधे भरायचे, मग भिंत सुकू द्यायची. सुकली का, ते असं बघायचं: फूटभर प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टी लावून भिंतीवर 24 तास ठेवायचा. आतून थेंब दिसले तर रंगाऱ्याला अजून बोलवायचं नाही. आणि डागापुढे कपाट सरकवून व्यवहार उरकायचा विचार असेल, तर 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम 55 वाचून घ्यावं. घेणाऱ्याला साध्या पाहणीत न दिसणारा, पण मालकाला ठाऊक असलेला मोठा दोष सांगणं विकणाऱ्यावर बंधनकारक आहे.

रंगाचा हिशेब सोपा आहे. 10 बाय 12 ची खोली, उंची साडेनऊ फूट: चार भिंती मिळून 418 चौरस फूट. दार-खिडकी वजा जाता साधारण 360. चांगलं इमल्शन दोन हात देऊन लिटरला 120 ते 140 चौरस फूट जातं, म्हणजे तीन लिटर पुरे. रंग फिका, सगळीकडे एकच.

अंबड-सातपूरची ड्यूटी संपवून येणारं गिऱ्हाईक घर बघतं ते संध्याकाळी, दिव्यांच्या उजेडात. हॉलमध्ये 6500 केल्विनची पांढरी ट्यूब आणि पॅसेजमध्ये पिवळा बल्ब असला की तोच रंग दोन ठिकाणी दोन तऱ्हांचा दिसतो. सगळीकडे 4000 केल्विनचे दिवे लावावेत.

रिकाम्या खोलीत पलंग मावेल का, हा प्रश्न मात्र प्रत्येक जण विचारतो. त्यासाठी पलंग आणायची गरज नाही. फरशीवर मास्किंग टेपने 6 बाय साडेसहा फुटांचा चौकोन आखा, कपाटासाठी भिंतीपासून 2 फूट पुढे येणारा दुसरा. दोन्हींच्या मधून चालायला जागा किती उरते, ते गिऱ्हाईक स्वतः चालून बघतं. टेप दोन-तीन दिवसांत काढून टाका, नाहीतर फरशीवर उरलेला गोंद केरोसिनच्या बोळ्याने घासत बसावं लागतं.