पटनम यांच्या आईने वाचलेले हस्तलिखित

श्रोतेहो, नमस्कार. आज सुसान वॉर्नर या अमेरिकन कादंबरीकर्तीविषयी बोलायचे आहे. १८१९ साली न्यूयॉर्कमध्ये जन्मलेली ही वकिलाची मुलगी सुखात वाढली; परंतु १८३७ च्या मंदीत वडिलांची संपत्ती बुडाली आणि हे कुटुंब हडसन नदीतल्या कॉन्स्टिट्यूशन बेटावरील जुन्या घरात राहू लागले. पैशाची ओढाताण वाढली, तेव्हा तू गोष्ट लिहून पाहा, असे आत्याने सुचवले. त्यातून ‘द वाइड, वाइड वर्ल्ड’ ही कादंबरी जन्मली.

वडील हस्तलिखित घेऊन प्रकाशकांचे उंबरठे झिजवत होते आणि प्रत्येक ठिकाणी नकार मिळत होता. शेवटी ते जॉर्ज पटनम यांच्याकडे आले. पटनम यांचेही मन होईना. तरी परत करण्यापूर्वी त्यांनी ते स्टेटन आयलंडवरील आपल्या घरी नेले आणि आईच्या हाती दिले. आईने वाचायला घेतले ते रात्र उलटली तरी खाली ठेवले नाही, आणि मग मुलाला बजावले, की दुसरे एकही पुस्तक छापले नाहीस तरी चालेल, पण हे छाप. मुलाने ऐकले, हे त्याचे शहाणपण! अनुभवी परीक्षकांनी नाकारलेले पुस्तक एका घरातल्या वाचकाने ओळखले. आमच्या प्रकाशकांनीही निवड समितीवर एखाद्या आईला बसवायला हरकत नाही, असे मला वाटते. १८५० च्या अखेरीस एलिझाबेथ वेदरेल या टोपणनावाने ते बाहेर पडले आणि दोन वर्षांत त्याच्या चौदा आवृत्त्या निघाल्या.

कथा एलन नावाच्या मुलीची आहे. आजारी आई परदेशी जाण्यापूर्वी आपली अंगठी विकून तिला बायबल घेऊन देते, मुलगी कठोर आत्याकडे राहते आणि रडत रडत श्रद्धा शिकते. हे रडणे फार झाले, अशी टीका नेहमी होते; पण सुसान स्वतः श्रद्धाळू ख्रिस्ती होती, ती वेस्ट पॉइंटच्या लष्करी छात्रांना बायबलचे धडे देत असे, आणि एलनच्या अश्रूंना तिच्या लेखी प्रार्थनेइतकेच मोल होते.

धाकटी बहीण अ‍ॅनाही लेखिका. दोघींच्या १८६० च्या कादंबरीत एका मरणासन्न मुलासाठी अ‍ॅनाने लिहिलेल्या ओळी ‘जीझस लव्ह्ज मी’ या गीताच्या रूपाने जगभरच्या चर्चमध्ये गायल्या जातात. एवढे यश मिळूनही, श्रोतेहो, या बहिणींची चणचण कधी संपली नाही, कारण रोख पैशाची नड असल्याने अनेक पुस्तकांचे हक्क त्यांनी प्रकाशकांना एकरकमी विकून टाकले होते.