झेल सुटतो की सोडला जातो?

मित्रहो, माणसांचे समूह आपल्या यशापयशाची कारणे कशी सांगतात, या विषयाला मी क्रियापदापासून सुरुवात करणार आहे. महाविद्यालयात असताना चार पावसाळे मी कांगा लीगमधल्या एका क्लबचा धावलेखक होतो. फलंदाजी बेताची असल्यामुळे संघासोबत राहण्याचा तेवढाच मार्ग मला मोकळा होता. 1948 पासून ही स्पर्धा मुंबईच्या मैदानांवर मुद्दाम पावसाळ्यात खेळवली जाते. खेळपट्टी ओली, बाहेर वाढलेले गवत, आणि आझाद मैदानावर तर शेजारच्या सामन्याचा क्षेत्ररक्षक आपल्या यष्टिरक्षकाला पाठ लावून उभा, असा सगळा प्रकार.

आमच्या कुणाच्या हातातून चेंडू निसटला, की तंबूत म्हणत, ‘कॅच सुटला’. तेच समोरच्या संघाकडून घडले, की म्हणत, ‘त्यांनी कॅच सोडला’. ‘सुटणे’ या क्रियापदात दोष कुणाचाच नसतो, चेंडू जणू स्वतःच्या मर्जीने सुटतो; ‘सोडणे’ म्हटले, की सोडणारा आलाच. आमची विकेट ‘पडली’, त्यांची आम्ही ‘काढली’. यात कोणी ठरवून खोटे बोलत नव्हते, हे मला आवर्जून सांगायचे आहे. खेळपट्टी खरोखरच ओली असे. ती दोन्ही संघांसाठी ओली होती, एवढेच आमच्या बोलण्यातून गळून जाई.

मराठीने हा स्वभाव फार पूर्वी ओळखला आहे. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचे ते कार्टे, या म्हणीत जे आहे, त्याचाच शोध मानसशास्त्राने पुढे पद्धतशीरपणे घेतला. 1974 साली टेलर आणि जग्गी या संशोधकांनी दक्षिण भारतातील हिंदू कारकुनांपुढे काही प्रसंग ठेवले. दुकानदार उदारपणे वागला किंवा त्याने फसवले, तर त्याचे कारण काय असेल, असे प्रश्न होते. दुकानदार हिंदू असेल, तर चांगले वागणे त्याच्या स्वभावात जमा झाले आणि वाईट वागणे परिस्थितीच्या नावे पडले. तो मुसलमान असेल, तर हिशेब नेमका उलटला. पाच वर्षांनी थॉमस पेटिग्रू यांनी या प्रवृत्तीची व्यापक मांडणी केली. आपल्या गटाची चूक प्रसंगापुरती आणि परक्या गटाची चूक जातिवंत, हे त्या मांडणीचे सार म्हणता येईल.

सर्वनामांचेही तसेच आहे. रॉबर्ट चाल्डिनी यांनी 1976 साली अमेरिकी विद्यार्थ्यांबाबत दाखवून दिले, की आपल्या विद्यापीठाचा संघ जिंकला तर ते ‘आम्ही जिंकलो’ म्हणतात आणि हरला तर ‘ते हरले’. आपल्याकडे हे अधिक बारकाईने घडते, कारण आपल्यापाशी ‘आम्ही’ आणि ‘आपण’ असे दोन शब्द आहेत. रणजी करंडक आला, की शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बसलेला, आयुष्यात बॅट न धरलेला गृहस्थही ‘आपण जिंकलो’ म्हणतो आणि ऐकणाऱ्यालाही विजयात ओढून घेतो. संघ हरला, की तोच म्हणतो, ‘मुंबई हरली’.

रणजीचा विषय निघालाच आहे, तर थोडे थांबू. 1958-59 ते 1972-73 असे सलग 15 हंगाम हा करंडक मुंबईकडे राहिला, आणि 1973-74 मध्ये कर्नाटकाने ही मालिका तोडली. त्या 15 वर्षांचे कारण विचारा, उत्तर एकच येते: मुंबईचा खडूसपणा, म्हणजे सहजी हार न मानणारी चिवट वृत्ती. मला हा शब्द प्रिय आहे, पण कारण म्हणून तो लंगडा आहे. 2015-16 नंतर पुढचे विजेतेपद मिळायला 2023-24 उजाडले. मधल्या वर्षांत खडूसपणा कुठे गेला होता? जी गोष्ट जिंकतानाही असते आणि हरतानाही असते, ती जिंकण्याचे पुरेसे कारण होऊ शकत नाही. तरीही आपण तिलाच धरून बसतो, कारण ती आपली असते. मैदानांची संख्या, कांगा लीगसारख्या स्पर्धा, खेळाडूंना नोकरी देणारी कार्यालये, ही कारणे रुक्ष वाटतात आणि त्यांचे श्रेय छातीवर मिरवता येत नाही.

खेळाबाहेर हेच अधिक महाग पडते. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला, त्यात भरतीही आली. निसर्गाचा कोप हे स्पष्टीकरण खोटे नव्हते. पण शहराचे जुने पर्जन्यजलवहन तासाला सुमारे 25 मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेले होते आणि ते वाढवण्याचा ‘ब्रिमस्टोवॅड’ अहवाल 1993 पासून उपलब्ध होता. बुडण्याचे कारण आभाळात शोधले गेले आणि सावरण्याचे कारण मुंबईकरांच्या ‘स्पिरिट’मध्ये. अनोळखी लोकांना घरात घेणारी, रांगेने चहा-बिस्किटे वाटणारी माणसे मी स्वतः पाहिली आहेत, त्यांच्याविषयी माझ्या मनात आदरच आहे. मात्र त्या स्पिरिटचे कौतुक जितके वाढले, तितकी नाल्यांची विचारणा मवाळ होत गेली, असे माझे मत आहे.

आणि बाहेर दोष द्यायला काही उरले नाही, तर? आमच्या क्लबात एका पावसाळ्यात असे झाले. खेळपट्टी बरी होती, पंचही बरे होते. मग हंगामाअखेरच्या बैठकीत विरारहून येणाऱ्या, लोकल चुकली की उशिरा पोहोचणाऱ्या नव्या मुलाचे नाव निघाले. गट पराभवाचे कारण बाहेर ढकलतो, आणि बाहेर काही नसेल, तर आतल्याच एकाला बाहेरचा करतो. तो मुलगा पुढच्या वर्षी आला नाही.

त्या बैठकीत हरलेल्या सामन्यांवर तासभर खल झाला. जिंकलेल्या सामन्यांवर कोणी बोलले नाही, वडापाव आले होते. माझ्या वहीत आमच्या कप्तानाच्या विजयी 83 धावांसमोर पेन्सिलीच्या तीन फुल्या होत्या. प्रतिस्पर्ध्यांनी त्याचे तीन झेल सोडले होते, पहिला तो चार धावांवर असताना. मी वही उघडून बसलो होतो, पण कोणी मागितली नाही, आणि मीही पुढे केली नाही.