भर उन्हातलं भय : 'द विकर मॅन'

'द विकर मॅन' हा ब्रिटिश भयपट. पडद्यावर वसंत आहे. झाडं फुललीत, मे महिन्याच्या उत्सवाची तयारी जोरात चाललीय. प्रत्यक्षात हे चित्रीकरण १९७२च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमधलं, स्कॉटलंडच्या थंडीतलं. फुलं खोटी, फांद्यांना चिकटवलेली. तोंडातून वाफ दिसू नये म्हणून नटांना शॉटआधी बर्फाचे खडे चघळावे लागले!

दिग्दर्शक रॉबिन हार्डी, पटकथा अँथनी शॅफर यांची. मुलगी हरवल्याची निनावी चिठ्ठी येते आणि पोलीस सार्जंट हाउई समरआइल बेटावर पोचतो. मुलीचा फोटो बघून सगळे नकारार्थी मान हलवतात, खुद्द तिची आईसुद्धा. शाळेत तो एक डेस्क उघडतो. आत खिळ्याला दोऱ्याने बांधलेला भुंगा. गोल फिरतोय, दर फेरीला दोरा आखूड होतोय. हाउईचं पुढे काय होणार, ते इथेच सांगून टाकलंय. त्याला मात्र दिसत नाही.

हाउई कर्मठ ख्रिश्चन, त्यात तुसडा. एडवर्ड वुडवर्ड त्याला गोड करायला जात नाहीत, हे फार बरं झालं. समोर बेटाचा मालक लॉर्ड समरआइल, म्हणजे ड्रॅक्युलावाले क्रिस्टोफर ली. या भूमिकेसाठी त्यांनी मानधनच घेतलं नाही.

निर्मिती कंपनीला सिनेमा पसंत नव्हता. कापून तो सुमारे ८७ मिनिटांवर आणला आणि १९७३च्या डिसेंबरमध्ये दुसऱ्या चित्रपटाला जोडून लावला. कापलेल्यातलं बरंचसं जोडून, हार्डींच्या पसंतीची 'फायनल कट' आवृत्ती २०१३ साली आली.

या सिनेमाची खरी मेख लॉर्डच्या एका निवांत संवादात आहे. बेटावरचा जुन्या देवांचा धर्म वाटतो तसा अखंड चालत आलेला नाही. १८६८ साली लॉर्डच्या आजोबांनी बेट विकत घेतलं. त्यांनी इथे फळांच्या नव्या जाती लावल्या आणि लोक झटून कामाला लागावेत म्हणून जुने देव परत आणले. नातवाच्या काळात लोकांची श्रद्धा पक्की झालीय. आणि गेल्या वर्षी पीक बुडालंय.

म्हणून कड्यावर वेताचा तो प्रचंड पुतळा, म्हणजे 'विकर मॅन', उभा राहतो. त्यात हाउईचा बळी द्यायचाय. हाउई प्रार्थना करतो, शाप देतो, पण त्याचं सगळ्यात धारदार वाक्य साध्या हिशोबाचं आहे : पुढच्या वर्षीही पीक आलं नाही, तर हे लोक तुलाच मागतील. लॉर्ड म्हणतो, पीक बुडणार नाही. हे म्हणताना लींचा चेहरा नीट बघा.