यंदा तरी गोड बातमी?

(दृश्य: पहाट. परदेशीपुऱ्यातली गल्ली, पोह्यांच्या गाडीवर वाफ.)

इंदूरची हुकुमचंद मिल 1991 मध्ये बंद पडली, पण या भागात पत्ता सांगताना लोक अजून गिरण्यांचीच नावं घेतात. इथंच एका खोलीत ती पिको-फॉलचं मशीन चालवते. चेहरा दाखवायचा नाही, हे तिनं पहिल्याच भेटीत सांगितलं.

(दृश्य: फक्त हात आणि गोळ्यांची डबी.)

डबीवरचं लेबल नखानं खरवडून काढलंय. आत कापूस कोंबलाय, पिशवीतून नेताना गोळ्या वाजू नयेत म्हणून. तिला एचआयव्ही आहे, नवऱ्याला लागण नाही. त्याला सगळं माहीत आहे. सासूबाईंना मात्र सांगितलंय, गोळी रक्तवाढीची.

सासूबाईंना नातवंड हवंय. चैत्रातल्या हळदीकुंकवाला बायका विचारतात, "काय गं, यंदा तरी गोड बातमी?" मूल तिलाही हवंय, फार हवंय. पण एका खासगी दवाखान्यात तिनं तसं म्हटलं, तेव्हा उत्तर मिळालं, "आधी स्वतःचं बघा." पुढं दोन वर्षं तिनं हा विषय कुणाकडेच काढला नाही. ही दोन वर्षं आम्हाला सर्वांत जास्त खुपतात, कारण तिला जे सांगायला हवं होतं ते फार अवघड नव्हतं.

उपचार नसतील तर आईकडून बाळाला एचआयव्ही जाण्याची शक्यता 15 ते 45 टक्के असते. औषधं वेळेवर आणि नीट चालू असली तर ती 5 टक्क्यांच्याही खाली येते. सरकारी एआरटी केंद्रांतून, म्हणजे एचआयव्हीच्या औषधोपचार केंद्रांतून, ही औषधं 2004 पासून मोफत मिळतात. रोजच्या गोळीनं विषाणू रक्तचाचणीत सापडेनासा झाला आणि तसाच राहिला, तर संबंधांतून नवऱ्यालाही लागण होत नाही. म्हणून आधी ती चाचणी, मग दिवस राहण्याचा विचार. आणि एचआयव्हीविषयीच्या 2017 च्या कायद्यानं एचआयव्ही असलेल्या गरोदर बाईच्या संमतीवाचून तिचा गर्भपात किंवा नसबंदी करता येत नाही.

(दृश्य: केंद्राबाहेरचा बाक. ती आणि नवरा. त्याचा आजचा रोज बुडालाय.)

या खेपेला समुपदेशक ताईंनी आपणहून विचारलं, "मुलाबाळांचं काय ठरवलंय?" आधी ती रडली. मग तासभर प्रश्न विचारत राहिली. जन्मल्यावर बाळाला काही आठवडे औषधाचं सिरप, सहाव्या आठवड्यात टाचेतून रक्ताचे थेंब, अठराव्या महिन्यात शेवटची चाचणी, हे सगळं तिनं ऐकून घेतलं. उठताना म्हणाली,

"टाचेला टोचलेलं सासूबाईंना दिसेल, ताई. काय सांगू?"

"सहाव्या आठवड्यात लसही असतेच."

"मग लसीचं सांगीन."