ओला कापूस, कोरडा कापूस आणि डिसिजन टेबल

[कॅमेऱ्याकडे बघून]

राम राम मंडळी. जळगाव, धुळे, नंदुरबारकडचे बीसीए-एमसीएवाले आपला चॅनल बघतात, म्हणून आज त्यांच्या सिलॅबसमधला एक विषय घेतोय. परीक्षेपुरता पाठ होतो आणि प्रोजेक्टच्या वेळी कुणालाच आठवत नाही, असा हा विषय आहे. सिस्टिम अ‍ॅनालिसिसमध्ये प्रोसेसचं लॉजिक कसं मांडायचं?

डेटा फ्लो डायग्राममध्ये, म्हणजे माहिती कुठून कुठे जाते ते दाखवणाऱ्या चित्रात, तुम्ही एक गोल काढता, आत लिहिता "खरेदी ठरवा", डावीकडून एक बाण आत, उजवीकडून एक बाण बाहेर. सर सही करतात. पण त्या गोलाच्या पोटात काय चालतं, ते कुठेच लिहिलेलं नसतं.

समजा, आपल्याकडच्या एखाद्या जिनिंगसाठी सॉफ्टवेअर करायचंय. तिथे सीसीआयचं, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाचं, हमीभावाचं खरेदी केंद्र आहे. तुम्ही तिथल्या माणसाला विचारता, "दादा, कापूस घ्यायचा की नाही हे कसं ठरवता?" तो म्हणणार, "त्यात काय एवढं भो? कोरडा असला तर घ्यायचा, ओला असला तर परत."

त्याचं काही चुकलेलं नाही. रोजच्या कामात त्याला एवढंच पुरतं, बाकीचं त्याच्या अंगवळणी पडलंय. पण कॉम्प्युटरला अंगवळण नसतं. म्हणून आपण खोदून विचारायचं.

[स्क्रीनवर आकडे]

खोदलं की हे निघतं. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८११० रुपये. हा भाव ८ टक्के ओलाव्याचा. त्याच्यावर ओलावा गेला की दर टक्क्यामागे भावातला एक टक्का कमी. म्हणजे ९ टक्क्यांना ८०२८ रुपये ९० पैसे, १२ टक्क्यांना ७७८५ रुपये ६० पैसे. १२ च्या वर गेला की खरेदीच नाही. शिवाय शेतकऱ्याची "कपास किसान" अ‍ॅपवर नोंदणी हवी आणि स्लॉट, म्हणजे कापूस आणायची ठरलेली वेळ, घेतलेला हवा.

बघा, "कोरडा की ओला" या एका प्रश्नाचे तीन प्रश्न झाले.

आता हे लिहायचं कसं? पहिली पद्धत, पुस्तकात जिला स्ट्रक्चर्ड इंग्लिश म्हणतात. नावात इंग्लिश आहे म्हणून मराठीत लिहायला बंदी नाही. उलट केंद्रावरच्या माणसाला वाचून दाखवायचं असेल तर मराठीतच लिहा, चूक तोच काढून देईल.

[स्क्रीनवर, एकेक ओळ]

प्रत्येक गाडीसाठी
— जर नोंदणी नसेल, तर नोंदणी करायला सांगा
— नाहीतर, जर आजचा स्लॉट नसेल, तर स्लॉट घ्यायला सांगा
— नाहीतर, ओलावा मोजा
—— ८ किंवा कमी: पूर्ण भाव
—— ८ पेक्षा जास्त आणि १२ पर्यंत: जितके टक्के जास्त, तितके टक्के भाव कमी
—— १२ पेक्षा जास्त: खरेदी नाही

यात तीनच प्रकारच्या गोष्टी आहेत. एकामागून एक करायचं, निवड करायची, आणि पुन्हा पुन्हा करायचं. या तिघांतून कुठलाही अल्गोरिदम मांडता येतो, हे बोम आणि याकोपिनी या दोघा इटालियन संशोधकांनी १९६६ मध्ये दाखवलं. स्ट्रक्चर्ड प्रोग्रॅमिंगवाले तेव्हापासून त्यांचं नाव घेतात.

पण ही यादी वाचताना एक धोका असतो. ती पूर्ण वाटते. जे लिहिलंय तेच आपल्याला दिसतं, जे राहिलंय ते दिसत नाही. माझ्या मते इथेच दुसरी पद्धत, डिसिजन टेबल म्हणजे निर्णयाचा तक्ता, बाजी मारते. परीक्षेत तो पाच मार्कांचा प्रश्न असतो, खऱ्या कामात अ‍ॅनालिस्टकडे त्याच्याइतकं उपयोगी हत्यार दुसरं नाही. कल्पना जुनीच आहे, १९५० च्या दशकाच्या अखेरीस जनरल इलेक्ट्रिकमध्ये ही टेबलं वापरात आली.

[स्क्रीनवर कोरा तक्ता]

वरच्या भागात अटी, खालच्या भागात कृती, आणि प्रत्येक उभा रकाना म्हणजे एक नियम. नोंदणी: हो किंवा नाही, दोन. स्लॉट: हो किंवा नाही, दोन. ओलावा: ८ पर्यंत, ८ ते १२, १२ च्या वर, तीन. दोन गुणिले दोन गुणिले तीन, बारा रकाने. आधी बाराच्या बारा काढा. कंटाळा करू नका, सगळी गंमत या बारात आहे.

मग आवरायला घ्या. नोंदणीच नसेल तर बाकी काही बघायची गरज नाही, सहा रकाने गोळा करून एक करा आणि खालच्या अटींसमोर आडवी रेघ मारा. रेघेचा अर्थ, काही फरक पडत नाही. नोंदणी आहे पण स्लॉट नाही, या तिघांचा एक. उरले तीन, ते तसेच. बाराचे पाच झाले.

आता त्या सहांतले तीन रकाने पुन्हा बघा: नोंदणी नाही, पण स्लॉट आहे. असं होऊच शकत नाही ना? अ‍ॅप नोंदणीशिवाय स्लॉट कसा देईल? मग असा माणूस खिडकीशी आला, तर समजायचं की नाव जुळलं नाही किंवा कुणीतरी दुसऱ्याच्या स्लॉटवर गाडी आणलीय. "अशक्य" रकान्यात काय करायचं, हे सॉफ्टवेअरला सांगावंच लागतं.

दुसरा प्रश्न. ओलावा १३ निघाला, गाडी परत गेली. शेतकऱ्यानं दोन दिवस कापूस वाळवला आणि परत आला. जुना स्लॉट चालतो, की नवा घ्यायचा? आपल्या तक्त्यात "खरेदी नाही" एवढंच आहे, पण बाहेर उन्हात ट्रॅक्टर उभा आहे आणि शेतकरी विचार करतोय की वाळवत बसू, की खेडा खरेदीवाल्याला, म्हणजे गावात येऊन कापूस घेणाऱ्या खासगी व्यापाऱ्याला, देऊन मोकळा होऊ. हे त्या केंद्रावरच्या माणसाला विचारून घ्यायचं. तिसरा प्रश्न मीटरचा. मीटरवर ८.६ आलं तर ते ८ धरायचं, ९ धरायचं, की सहा दशांश टक्के कापायचे? शंभर क्विंटलला किती फरक पडतो, तो हिशोब करून बघा, म्हणजे शेतकरी मीटरकडे टक लावून का बघतो ते कळेल.

यातला एकही प्रश्न गोल-बाणाच्या डायग्राममधून सुचला नसता.

[दुसरा कोन]

आता पोरं सर्रास जी चूक करतात ती. फ्लोचार्ट काढायला बसतात आणि "८११०" हा आकडा थेट चौकटीत लिहितात. हमीभाव तर केंद्र सरकार दर हंगामाला जाहीर करतं! गाडी आली, कागद बघितले, ओलावा मोजला, वजनकाट्यावर गेली, पावती फाडली, हा क्रम वर्षानुवर्षं तोच. भाव मात्र बदलतो. म्हणून क्रम एका चित्रात, निर्णय वेगळ्या तक्त्यात. क्रमासाठी बीपीएमएन आहे, कामाचा क्रम चित्रात मांडायची ओएमजी या मानकं ठरवणाऱ्या संस्थेची पद्धत, तिची २.० आवृत्ती २०११ ची. निर्णयाचे तक्ते मांडायला त्याच संस्थेचं डीएमएन आहे, २०१५ पासून. बीपीएमएनच्या चित्रात फक्त एक चौकट ठेवायची, "भाव ठरवा", आणि ती चौकट तक्त्याला विचारते. पुढच्या हंगामात तक्ता बदला, चित्राला हात लावू नका.

आणि एक, सगळ्यालाच तक्ता लावत सुटू नका. रावेर-सावद्याच्या केळीचं बघा. बुऱ्हाणपूरचा भाव बघायचा, घडाची प्रत बघायची, आणि मग व्यापारी आणि शेतकरी यांच्यात घासाघीस. हा नियम नाही, हा सौदा आहे. तिथे माणसाला ठरवू द्या, सॉफ्टवेअरनं ठरलेला भाव नोंदवला की झालं. नियम कुठे संपतो आणि माणसाची मर्जी कुठे सुरू होते, हे ओळखणं तक्ता काढण्याहून अवघड आहे.

[स्क्रीनवर एसटीचं चित्र]

शेवटी एकच मुद्दा, पण व्हायवात हमखास विचारतात: एका वेळी दोन नियम लागू झाले तर? एसटीच्या सवलती घ्या. ६५ ते ७५ वर्षांच्या ज्येष्ठांना अर्धं तिकीट. ऑगस्ट २०२२ पासून ७५ च्या पुढे प्रवास मोफत. मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट. चोपड्याहून जळगावला निघालेल्या ६८ वर्षांच्या आजीला दोन नियम लागतात, पण दोघांचं उत्तर एकच, अर्धं. डीएमएनमध्ये याला "एनी" म्हणतात. अर्धं अधिक अर्धं करून आजीला फुकट नेलं, तर ती बेरीज तुमच्या कोडनं केली. आता आजी ८० ची धरा. एक नियम म्हणतो अर्धं, दुसरा म्हणतो मोफत. इथे "एनी" चालत नाही. कुठल्या उत्तराला मान द्यायचा ते आधी सांगावं लागतं, ते "प्रायॉरिटी". आणि "युनिक" म्हणजे दोन नियम एकत्र लागूच द्यायचे नाहीत, महिलांच्या नियमातच "६५ च्या आत" अशी अट घालायची. "फर्स्ट" पण आहे, वरून पहिला जुळेल तो. मी म्हणेन शिकताना तो टाळा. ओळी खालीवर झाल्या की उत्तर बदलतं आणि कुणाच्या लक्षात येत नाही.

आता तक्ता तुम्ही काढा. वय, स्त्री की पुरुष, आणि आपल्या खान्देशाला लागणारी तिसरी अट: गाडी राज्याबाहेर जाते का. नंदुरबारहून सुरतला किंवा रावेरहून बुऱ्हाणपूरला निघालात की सवलत महाराष्ट्राच्या हद्दीपर्यंतच, पुढे पूर्ण भाडं. म्हणजे एकाच तिकिटाचे दोन तुकडे. ते एका तक्त्यात बसवायचे, की तक्ता दोनदा विचारायचा, हे ठरवून मगच रकाने मोजायला घ्या.