एकास बहात्तर

(दृश्य : कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतली गच्ची. फरशीवर पसरलेलं विटकं हिरवं लुगडं. शेजारी टेप.)

दुपारचे साडेतीन. सप्टेंबर महिना. खाली बोळात तालमीच्या पोरांचा ढोलाचा सराव चाललाय. वर गच्चीवर एक माणूस फूटभर काठी उभी करून तिच्या सावलीकडं बघत बसलाय. सावली काठीपेक्षा दोन-अडीच बोटं लांब झाली की कामाला सुरुवात. त्याआधी नाही. चहा आला तरी नाही.

गल्लीत यांना सगळे पेंटर म्हणतात. नाटकाचे पडदे, सिनेमाचे बॅनर, दुकानांच्या पाट्या यांत चाळीस वर्षं गेली. मग फ्लेक्स आला आणि काम सुटलं. कोल्हापुरात ‘पेंटर’ ही काही साधी हाक नाही. बाबूराव मेस्त्रींचे बाबूराव पेंटर झाले ते पडदे रंगवता रंगवता, आणि सिनेमा करायचा म्हटल्यावर त्यांनी कॅमेरासुद्धा घरीच घडवला. नाही मिळत, तर करून बघू.

आमच्या या पेंटरांना चित्र काढायला जे मिळत नाही, ते म्हणजे विमान. तेही हरिकेन, १९४० सालचं ब्रिटिश लढाऊ विमान.

हरिकेन बघायचं तर दिल्ली गाठायची, पालमच्या हवाई दल संग्रहालयात. गोव्यातलं नौदलाचं विमान संग्रहालय आपल्याला जवळ, पण तिथं सी हॉक आहे, हरिकेन नाही. आणि दिल्लीतलं हरिकेन जमिनीवर उभं आहे. पेंटरांना ते ढगांच्या वर, वळण घेताना हवंय.

(दृश्य : तळहातावर मॉडेल.)

म्हणून हे. पंख पसरून सतरा सेंटिमीटर. खऱ्या विमानाचा पंखविस्तार १२.१९ मीटर. प्रमाण एकास बहात्तर. हा आकडा विचित्र वाटतो, पण तो फूट-इंचांतून आलाय : सहा फुटांचा माणूस एक इंचाचा होतो. दुसऱ्या महायुद्धात विमानं ओळखायला शिकवायची ती याच मापाच्या मॉडेलांवर. १९४२ मध्ये अमेरिकेच्या नौदलानं शाळेतल्या पोरांकडून पाच लाख लाकडी विमानं मागितली होती. हिशेब सोपा. साधारण सदतीस फुटांवर धरलेलं मॉडेल डोळ्याला दिसतं ते अर्ध्या मैलावरच्या विमानाएवढं.

हाच हिशेब पेंटरांना फार उशिरा कळला.

(दृश्य : भिंतीकडं तोंड करून ठेवलेला कॅनव्हास.)

हे चित्र ते कुणाला दाखवत नाहीत. आम्हाला दाखवलं, तेही दोनदा नाही म्हणून झाल्यावर. १९७१ च्या युद्धातलं नॅट, आपल्या हवाई दलाचं लढाऊ विमान. लहानखुरं, चपळ, पाकिस्तानची सेबर विमानं पाडणारं आपलं नॅट. रंग उत्तम, आकाश तर फारच उत्तम. पण विमानाचं नाक भोपळ्यासारखं फुगलंय आणि शेपटी कुठंतरी लांब पळून गेलीय.

झालं असं, की पेंटरांनी मोबाइल मॉडेलच्या तोंडाशी नेऊन फोटो काढला आणि जसाच्या तसा उतरवला. हवाई दलात तंत्रज्ञ म्हणून नोकरी केलेले एक गृहस्थ घरी आले होते. चित्र बघून म्हणाले, “पेंटर, रंग झकास आहे. पण हे विमान नव्हे. हे खेळणं आहे, तुमच्या हातातलं.”

पेंटर आठ दिवस कुणाशी नीट बोलले नाहीत. मग टेप आणली.

फोन मॉडेलपासून बारा सेंटिमीटरवर होता. बारा गुणिले बहात्तर : साडेआठ मीटरच्या थोडं पुढं. नॅटची स्वतःची लांबीच पावणेनऊ मीटर. म्हणजे उडत्या लढाऊ विमानाला त्याच्या एका लांबीएवढ्या अंतरावरनं बघितल्यासारखं झालं.

“तितक्या जवळ कोण जाणार?” पेंटर म्हणतात. “गेला तर चित्र काढायला माघारी येणार नाही.”

चित्रातलं दूर-जवळ ठरतं ते डोळा आणि वस्तू यांच्यातल्या अंतरानं. लेन्स त्यातला किती तुकडा दाखवायचा एवढंच ठरवते. सांगितल्यावर सोपं वाटतं. त्यामुळं आता आधी प्रश्न : बघणारा कुठं आहे? चाळीस मीटरवर असेल, तर कॅमेरा मॉडेलपासून साडेपंचावन्न सेंटिमीटरवर. शंभर मीटरवर असेल, तर एक मीटर एकोणचाळीस. फोन तिपाईवर, झूम पुढं, आणि मध्ये हात घालायचा नाही.

(दृश्य : शाडूच्या गोळ्यात खोवलेली सायकलची तार, तारेच्या टोकावर हरिकेन.)

चित्रात तीन विमानं आहेत, मॉडेल एकच. शाडूचा गोळा बापट कॅम्पातल्या कुंभाराकडचा. गणपतीच्या दिवसांत तो मागायलाही लागत नाही. तारेवरचं विमान आधी साडेपंचावन्न सेंटिमीटरवर, मग त्र्याऐंशीवर, मग एकशे एकोणचाळीसवर. कॅमेरा तिथंच. तीन फोटो, आणि तीन हरिकेनची तुकडी तयार. मॉडेलच्या नाकावरचा पंखा काढून ठेवलाय. उडताना तो दिसतच नाही, नुसती हवा थरथरते. त्याचं मॉडेल काय करणार?

आता सावलीचं.

१५ सप्टेंबर १९४०. लंडनवर जर्मन विमानं आली, तो ब्रिटनच्या हवाई लढाईतला मोठा दिवस. लंडन इतकं उत्तरेला आहे, की त्या तारखेला भर माध्यान्हीलासुद्धा सूर्य क्षितिजापासून साडेएक्केचाळीस अंशांच्या वर जात नाही. कोल्हापुरात त्याच तारखेला तो शहात्तर अंशांवर, जवळजवळ टाळूवर असतो. बारा वाजता इथं फोटो काढला, तर पंखाची सावली सरळ खाली पडते. विमान इंग्लंडचं आणि ऊन कोल्हापूरचं. सूर्य उतरत उतरत लंडनच्या उंचीला येतो तो आपल्याकडं पावणेचारच्या आसपास. म्हणून ती काठी.

घरात दिवा लावून का नाही? दिवा हातभर लांब असतो, त्याच्या सावल्या फाकतात. सूर्याच्या फाकत नाहीत. खेळणं ओळखू येतं ते इथंही.

आणि हे हिरवं लुगडं पेंटरांच्या आईचं. पंखांखालचा फिकट रंग खालच्या रानाचा उजेड उचलतो. गच्चीची तांबडी फरशी तशीच ठेवली, तर विमानाचं पोट गुलाबी दिसायला लागतं.

(दृश्य : भिंग, पट्टी, पेन्सिलीच्या खुणा.)

मॉडेल खोटंही बोलतं. फार सफाईनं बोलतं, म्हणून जास्त धोक्याचं. पत्र्याच्या सांध्यांच्या या बारीक रेघा बघा. प्लास्टिकवर वीस शतांश मिलिमीटर रुंद. बहात्तरनं गुणा : चौदा मिलिमीटर. खऱ्या विमानाला बोट जाईल एवढ्या फटी असत्या, तर ते उडलंच नसतं. पंखाची मागची धार अर्ध्या मिलिमीटरची, म्हणजे खऱ्यात छत्तीस. ती सुरीसारखी पातळ हवी. नवशिके नेमक्या ह्याच रेघा मन लावून रंगवतात. मला विचाराल तर विमानांची निम्मी चित्रं ह्या रेघांनी मारलीत.

शिवाय जे मॉडेलला ठाऊकच नाही, ते वेगळं. नॅटच्या चित्राला नावं ठेवणाऱ्या त्या गृहस्थांनीच सांगितलं, की हवेत वेग कमी करायला नॅटची चाकं अर्धवट खाली सोडत. चाकांची झाकणंच ब्रेकचं काम करत. मॉडेलची चाकं एक तर वर, नाहीतर खाली. अर्धवट नाहीत. हे माणसाकडूनच कळतं.

एका जागी मात्र मॉडेल आणि पेंटर यांचं छान जमलं. हरिकेनच्या पाठीमागचा भाग पत्र्याचा नव्हता. लाकडी पट्ट्यांवर ताणून बसवलेलं कापड, वर लेप देऊन कडक केलेलं. तिरप्या उन्हात त्या पट्ट्यांचे उंचवटे एकामागोमाग उजळतात. पेंटरांनी ते बघितलं आणि हसले. “आरं, हे तर आपलंच काम. चौकट, कापड आणि वर अस्तर. निम्मं विमान म्हणजे कॅनव्हासच की!”

(दृश्य : रंकाळ्याचा काठ, पलीकडचा धूसर किनारा.)

यानंतर पेंटर आम्हाला रंकाळ्यावर घेऊन गेले. विमानाचं आणि रंकाळ्याचं काय नातं, ते आधी कळेना.

हरिकेन वरून गडद हिरवं आणि मातकट तपकिरी. मॉडेलवर हे दोन रंग एकमेकांपासून खणखणीत वेगळे. “पण चित्रात ते शंभर मीटरवर हाय,” पेंटर पलीकडच्या झाडांकडं बोट करून म्हणाले. “मधी शंभर मीटर हवा हाय. आमच्या गच्चीवर मधी दीड मीटर. मग उरलेली हवा आणायची कुठनं?”

ती ते रंकाळ्यावरनं आणतात. जवळचा हिरवा आणि पलीकडचा हिरवा शेजारी शेजारी ठेवून बघतात. पलीकडच्यात निळसर करडा मिसळलेला असतो, आणि हिरवा नि तपकिरी यांच्यातलं भांडण मिटत आलेलं असतं. चित्रकार आबालाल रहमान कोटितीर्थ तळ्याच्या काठावर आयुष्य काढून हेच बघत होते, असं पेंटरांचं मत. विमानं सोडून, अर्थात.

(दृश्य : महावीर उद्यानातला स्मृतिस्तंभ.)

हरिकेनच का? पेंटर थेट उत्तर देत नाहीत. महावीर उद्यानात नेतात.

१९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळ वळिवड्याला पोलंडच्या निर्वासितांची छावणी होती. सुमारे पाच हजार माणसं, बहुतेक बायका आणि मुलं. सोव्हिएत हद्दपारीतून सुटून इराणमार्गे आलेली. पुढं त्याच जागेत फाळणीनंतरचे सिंधी लोक आले आणि गांधीनगर झालं. पेंटरांची आजी छावणीत दूध घालायची. गोऱ्या पोरी मराठीत दूध मागायच्या, एवढीच गोष्ट घरात उरलीय.

चित्रातली विमानं ब्रिटिश हवाई दलातून लढणाऱ्या पोलिश वैमानिकांच्या ३०३ क्रमांकाच्या स्क्वाड्रनची. लंडनजवळच्या नॉर्थोल्टवरून उडणारी, अंगावर आरएफ ही अक्षरं. त्यांच्या बोधचिन्हात लाल टोपी आणि दोन पाती एकमेकांवर आडवी. पेंटरांनी पहिल्यांदा ते ऊसतोडीचे कोयते म्हणूनच काढले! नंतर कळलं, की ती गवत कापायची लांब दांड्याची पाती, १७९४ च्या उठावात पोलिश शेतकऱ्यांनी उचललेली. खोडून पुन्हा काढली. कॅनव्हासवर ती जागा अजून थोडी जाड दिसते.

(दृश्य : पुन्हा गच्ची. घड्याळात पावणेचार.)

काठीची सावली जागेवर आली. तिपाई लागली, टेप धरली, साडेपंचावन्न. आणि ज्योतिबाच्या बाजूनं ढग आला. ऊन गेलं, सावली गेली, काठी नुसतीच उभी.

आम्ही कॅमेरा बंद करायला लागलो. पेंटर मात्र फोनकडं वाकलेले.

“थांबा की. आता खरं इंग्लंड झालं. ह्या उजेडातपण चार काढून ठिवूया.”