सातबाऱ्यावर नाव नसलेले शेतकरी

नमस्कार शेतकरी बंधूंनो आणि भगिनींनो,

'हप्ता पडला का?' हा प्रश्न आपल्या गावांत आता पाऊसपाण्याच्या चौकशीइतकाच कानावर पडतो. पीएम किसानचे वर्षाला 6000 रुपये, 2000 रुपयांच्या तीन हप्त्यांत. 2023 पासून राज्याच्या नमो शेतकरी योजनेचे आणखी 6000. पैसा थेट खात्यात येतो, मधे कुणाचा हात नाही, हे फार चांगलं झालं. पण तो नेमका कुणाच्या खात्यात येतो, त्याबद्दल मला आज बोलायचं आहे.

आमच्या शिवारात एक बाई आहे. तीन एकर बटाईनं करते. मालक शहरात दुकान चालवतो, दिवाळीला गावी येतो. सोयाबीनची पेरणी, खुरपणी, काढणी सगळं तिचं. बियाणं आणि खत निम्मं तिचं. हप्ता मात्र मालकाच्या खात्यात, कारण योजनेच्या लेखी शेतकरी म्हणजे जमीनधारक. मालकानं काही गैर केलं असं मी म्हणत नाही, तो नियमात बसतो. ही बाई कुठल्याच रकान्यात बसत नाही.

मागे अतिवृष्टी झाली तेव्हा तिच्या गुडघाभर सोयाबीनमध्ये चार दिवस पाणी उभं होतं. शेंगांना जागेवर कोंब फुटले. पंचनामा झाला, मदतही आली, ती सातबाऱ्यावरच्या नावानं. मालक भला, त्यानं निम्मी रक्कम तिला आणून दिली. पण भलेपणावर किती दिवस शेती करायची?

करार लिहून का घेत नाहीत, असं तुम्ही विचाराल. पीक विम्याला बटाईदारही पात्र असतो, पण भाडेकरार नोंदवलेला लागतो. आणि इथंच घोडं अडतं. कागद केला की कूळ लागेल, म्हणजे कसणारा कायद्यानं जमिनीवर हक्क सांगेल, ही भीती मालकाच्या मनात वाडवडिलांपासून बसली आहे. मग व्यवहार तोंडी होतो आणि कसणारा कागदावर कुठेच उरत नाही. माझं स्पष्ट मत आहे: मालकाची मालकी शाबूत राहील आणि कसणाऱ्याला मदत मिळेल, असा साधा, बिनखर्चाचा करार कायद्यानं आणला पाहिजे.

दुसरी गोष्ट घरातली. नवरा वारला, पण सातबारा अजून सासऱ्याच्याच नावावर, अशा किती लेकी-सुना आपल्या गावात आहेत! पीएम किसानसाठी जमीन 1 फेब्रुवारी 2019 पूर्वी नावावर असावी लागते. त्यानंतर विकत घेतलेली चालत नाही. वारसाहक्कानं आलेली मात्र चालते. म्हणून वारसनोंद रखडू देऊ नका. मृत्यूचा दाखला घेऊन तलाठ्याकडे अर्ज द्या, पोच घ्या आणि फेरफार मंजूर होईपर्यंत पाठ सोडू नका.

आणि बंधूंनो, लक्ष्मीमुक्ती योजना 1992 पासून आहे. नवऱ्यानं अर्ज केला की बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून सातबाऱ्यावर चढतं. त्यानं हप्ता दुप्पट होणार नाही, कारण तिथं नवरा-बायको मिळून एकच कुटुंब धरतात. पण उद्या तुमच्या मागे तिला कचेरीच्या पायऱ्या झिजवाव्या लागणार नाहीत.

डिजिटल सहीचा सातबारा 15 रुपयांत निघतो. या आठवड्यात काढा आणि त्यावर कुणाकुणाची नावं आहेत ते घरच्या बाईला वाचून दाखवा.

नमस्कार.